मांडीवरची काठी

"वल्ही वर घ्या. बगळे झाडावर बसेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही," नज्लाने मागच्या चारही कयाकमधल्या पाहुण्यांना बजावलं. कैरोचे दिवे लागत होते आणि नाईलमधल्या बेटाकडे बगळ्यांचे थवे वळले होते.

जवळच एका मासेमारी होडीत एक म्हातारी मांडीवर काठी घेऊन नुसती बसली होती.

"हे लोक काठीने होडी बडवून मासे जाळ्यात हाकतात ना?" पाहुण्यांपैकी मुरादसाहेब कुजबुजले. "मासळीची ऐन वेळ, आणि बाई बघा, बसलीय आरामात! वर म्हणायचं, पोट भरत नाही."

बाकीचे तोंड दाबून हसले. नज्लाने मान खाली घातली.

शेवटचा बगळा फांदीवर टेकला. कयाक परत फिरल्या, तशी म्हातारीने काठी जराशी उचलून नज्लाकडे पाहिलं. रोज नज्ला पाहुण्यांच्या नकळत नुसती मान हलवायची. आज ती होडीपाशी थांबली आणि मुरादना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बसले गं आई सगळे. आता जा पलीकडे आणि बडव खुशाल."