कोकराला सांगितलेले

फाल्गुनातली दुपार होती. कुरुंद्याच्या त्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती आणि तिच्या उष्ण गंधात भिंती, रांजण, खाट सारे अर्धवट झोपेत तरंगल्यासारखे दिसत होते. खाटेवर किसनराव बसले होते. दाराच्या आत, चौकटीला टेकून त्यांची सून दीपमाला उभी होती. दोघांच्या मध्ये खुंट्याला आठ दिवसांचे कोकरू बांधलेले होते.

त्या घराण्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. बोलणे अटळच झाले, तर ते कोकराला सांगावे आणि सासऱ्यांनी ऐकावे, अशी मर्यादा होती.

आज औषधाविषयी सांगायचे होते. किसनरावांचे मन वर्षातून एकदा आभाळाला भिडे. त्या दिवसांत ते झोपत नसत, वाटसरूला बोलावून कळपातली मेंढी देऊन टाकीत. पुढे तेच मन खोल उतरे आणि ते भिंतीकडे तोंड करून महिनामहिना पडून राहत. नांदेडच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पाच दिवस तशाच पडल्या होत्या. आज जवळा बाजार या गावी निघताना सासू शालूबाई बजावून गेल्या होत्या, की तू बारावी शिकलेली आहेस, पाकीट वाचून दाखव आणि एक तरी गोळी त्यांच्या पोटात जाऊ दे.

पाकीट हाती घेताच दीपमालेने वरचे नाव वाचले. तीच गोळी. तिला स्वतःला लहानपणापासून फिट येत असे आणि त्यावरची हीच गोळी ती लग्नापासून सात महिने लपून घेत होती. सासरी कळले असते, तर त्याच दिवशी तिची माहेरी रवानगी झाली असती. भाऊ पापडाच्या डब्यातून गोळ्या आणून देई. या खेपेला तो आला नव्हता. आठवडाभर ती अर्ध्या गोळीवर दिवस काढीत होती आणि वस्तूंच्या कडा तिला पाण्यातल्यासारख्या हलताना दिसत होत्या. जी गोळी आपली फिट थांबवते, तीच एखाद्याचे मनही स्थिर करते, हे तिला आज प्रथमच कळत होते.

"कोकरा, मामाजींना सांग," ती म्हणाली, "जेवल्यावर घ्यायची. चावायची न्हाई, अख्खी गिळायची."

मग ती सावकाश सांगत गेली. पहिले पंधरा दिवस झोप फार येईल, हात थोडा कापेल, जमीन नावेसारखी डुलेल. भिऊ नये. पुढे ते शांत होते.

किसनराव कोकराच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. "तिला इचार, आभाळ माझ्या अंगणात उतरून येतं, ते बंद व्हईल का?"

दीपमालेने दारातून वर पाहिले. "आभाळ वरच राहील. पर रोज दिसंल."

बरे वाटू लागल्यावर सोडली तर काय, असे त्यांनी विचारले.

"बरं वाटतं ते तिच्यामुळंच. एकदम सोडली की आधी झेंडूचा वास येतो, कुठंच झेंडू नसताना. मंग उजेड लांब जातो, लई लांब, आन् मंग..."

तिने कोकराजवळ ठेवलेले पाकीट किसनरावांनी उचलून उलटसुलट करून पाहिले. "एवढ्याशा पाकिटावर एवढं लिवलंय?"

"इंग्रजी बारीक असतं, मामाजी."

कोकराला सांगायचे ती विसरली होती. किसनरावांनी मान वळवून प्रथमच थेट दाराकडे पाहिले.

"कवापसून, पोरी?"

तिने सांगितले. गोळ्या कोण आणून देतो, तेही सांगितले. भाऊ आला नाही तर काय करतेस, या प्रश्नावर तिने पदराच्या गाठीतली अर्धी गोळी दाखवली. किसनरावांनी तांब्यातले पाणी तोंडात घेऊन गोळी अख्खी गिळली.

तेवढ्यात शालूबाई पिशव्या घेऊन अंगणात आल्या आणि आल्या आल्या गोळीचेच विचारले.

"घेतली," किसनराव म्हणाले. "पाकीट सुनेपाशी ऱ्हाऊ दे. आन् पुढल्या खेपेला नांदेडला जाताना तिला संग घेतो. तवर पोराला दोन पाकिटं आणाय सांग. सकाळी एक, सांजच्याला एक."

"डॉक्टरनं तर एकच सांगितली व्हती."

"तुला इंग्रजी येतं का?"

शालूबाई पिशव्या उतरवीत पुटपुटल्या, की पाच दिवस एक गोळी ज्यांच्या ध्यानात राहिली नाही, त्यांच्या आता दोन कशा राहणार.

"त्याची फिकीर करू नको," किसनराव म्हणाले. "आमी दोघं एकमेकाला याद देत जाऊ."