तांदळात लिहिलेली नावं

हॉस्पिटलच्या दारावरचं यंत्र रक्ताच्या नात्याशिवाय कोणालाच आत सोडत नसे. नाती ते स्वतःच शोधून काढी. त्याला नोंदी पुरवायच्या, एवढंच हेमांगीचं काम. जन्माची रजिस्टरं, शाळेचे दाखले, रेशनकार्डं, सगळं तिने जोडून दिलं होतं. तरी समोर उभ्या असलेल्या मंदाकिनीबाई आणि आत शेवटच्या घटका मोजणाऱ्या वत्सलाबाई यंत्राच्या लेखी एकमेकींच्या कोणीच नव्हत्या.

"अगं, सख्खी बहीण आहे माझी!" मंदाकिनीबाई कळवळून म्हणाल्या.

आत्ता कुठे हेमांगीच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात दोघींची नावं बदलली होती, आणि नवी नावं लिहिली होती ताटातल्या तांदळात, अंगठीने. त्या तांदळाची नोंद कुठल्या कचेरीत असणार?

"आजी, माहेरची नावं सांगा. मी हाताने भरते."

"ती चंपा, मी वेणू."

हेमांगीने नावं भरली. यंत्राने साक्षीदार मागितला.

"तुम्हाला वेणू म्हणून ओळखणारं आता कोण आहे, आजी?"

मंदाकिनीबाईंनी बंद दाराकडे बोट दाखवलं.

"ती एकटीच."