जुनं बेरिंग

दुष्काळात दूध आटलं, तशी दूध संस्थेची जुनी पिकअप किटल्यांऐवजी पाण्याची टाकी वाहू लागली. तिच्या मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा, डिफरन्शियल, इतका ओरडायचा, की गाडी धर्मापुरी फाट्यावर असतानाच बायका हंडे घेऊन उठायच्या आणि आंधळे म्हाळूतात्या आपली शेरडं रस्त्यावरून खाली उतरवायचे. ड्रायव्हर आश्रुबाला हॉर्नची कधी गरजच पडली नव्हती.

शेवटी संस्थेने गाडी तात्यांच्याच पोराकडे, बंकट मिस्तरीकडे दुरुस्तीला टाकली. त्याने डिफरन्शियल खोलला, झिजलेलं बेरिंग बदललं, काळंकुट्ट ऑइल काढून नवं भरलं. आश्रुबा एक चक्कर मारून खुशीत परत आला.

"लोण्यावानी चालायली बे. आल्याली कळत बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली टाकी घेऊन पिकअप नेहमीच्याच वेगात बाभळीच्या वळणावर आली. म्हाळूतात्या शेरडं घेऊन रस्त्याच्या मधोमध चालले होते. गाडी दिसताच शेरडं पळाली.

तात्यांचा दहावा उरकला. गावातल्या बायका आता पाण्याला येताना लेकरं घरात कोंडून येत होत्या. त्या दुपारी बंकटची आई, कडूबाई, पहिल्यांदाच गॅरेजात आली. बसली नाही. पाणी दिलं, तेही घेतलं नाही. दारातूनच म्हणाली,



"ते जुनं बेरिंग फेकलं न्हाईस ना रं? तेच बसव."