घडीवरचं माप

टाचण्या तोंडात धरून लेकीने आईला आरशासमोर उभं केलं. डावा स्तन काढल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. ढगळ ड्रेस शिवलास तरच भाचीच्या साखरपुड्याला येईन, अशी तिची अट होती.

कागदी नमुन्याप्रमाणे कापड दुमडून, घडीवर कापलं होतं. ड्रेस ऐसपैस झाला, तरी डावीकडे पोकळ चुणी लोंबत होती.

"मापं तर बरोबर घेतली होती," लेक पुटपुटली.

"घडीवर कापलंस ना? मग दोन्ही बाजू सारख्याच येणार, बाई." आईने छातीवर हात आडवा धरला. "राहू दे. तू जाऊन ये."

रोज आईची जखम लेकच पुसायची, आणि कापताना मात्र जुनीच आई डोळ्यांसमोर होती. लेकीने टेप उचलली.

"हात काढ. ही बाजू वेगळी मापते."

आईचा हात बराच वेळ तिथेच राहिला. मग हळूहळू खाली आला.