फेलिमच्या पट्ट्या

हर्लिंगचा, म्हणजे आयर्लंडातल्या काठी-चेंडूच्या खेळाचा, अंतिम सामना शेजारच्या टिपररीशी बरोबरीत सुटला, आता रविवारी पुन्हा खेळायचा. तेव्हापासून आमच्या किल्केनीत एकच चर्चा. टिपररीच्या हुकमी खेळाडूचं, फेलिमचं बोट मोडलंय, पण कुठल्या हाताचं ते कळू नये म्हणून तो दोन्ही हातांना पट्ट्या बांधून हिंडतो. त्याला रोखायचं काम मॉसीच्या मुलाकडे, कोलमकडे.

"एकदा हात कळू दे," मॉसी पबमध्ये सगळ्यांना ऐकवायचा. "त्यावर काठीचा एक फटका, की कप आपला."

"आणि खिलाडूवृत्ती?" पबवाल्या नोरानं विचारलं.

"ती हरलेल्यांसाठी असते, बाई."

शनिवारी सकाळी मॉसीची गाय अडली. जवळपास गुरांचा डॉक्टर एकच, हद्दीपलीकडचा फेलिम. गोठा कोणाचा हे माहीत असूनही तो आला. मॉसीसमोरच त्यानं दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि दातओठ खात वासरू ओढून काढलं. वासरू जगलं, गायही उठली.

डॉक्टरची गाडी वळताच कोलम धावत गोठ्यात आला. "बाबा, पाहिलंस ना? कुठला हात?"



"मला काय ठाऊक? मी गाईचं तोंड धरून होतो."