सूरजबाईंनी सोडलेला समुद्र

लहान जहाज सूरजबाईंनी पहिल्याच फटक्यात बाद केलं.

"हे किनारा धरून जातं," सून खुशबू सांगत होती. "रात्रभर किनाऱ्यावरचे दिवे दिसत राहतात, मम्मी. छान वाटतं म्हणे."

"दिवे काय, आपल्या हायवेलाबी दिसत्यात," सूरजबाई म्हणाल्या. "मोठं दाखव."

खुशबूने मोबाइलवरून मोठं जहाज टीव्हीवर लावलं. मजल्यावर मजले, वर पोहायचा तलाव, मधे झुंबरं. मुंबईहून सुटायचं, आत खोल समुद्रात जायचं, गोव्याला टेकायचं आणि परत. तीन रात्री. सूरजबाई आणि कन्हैयालालांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून मुलाने, जिनेशने, ही सहल काढली होती. त्यासाठी कापडाचं दुकान बंद ठेवायचं ठरलं होतं. मंचरच्या पेठेत हे दुकान बंद दिसलं की लोक कुणी गेलं का म्हणून चौकशीला येतात, इतकं ते कधी बंद नसतं.

बाया दुकानात शालू उलगडून उलगडून बघतात, तसं सूरजबाईंनी पुढचे काही दिवस रोज ते जहाज बघितलं. जैन जेवण मिळतं का, दिवस मावळायच्या आत वाढतात का, हे तर विचारलंच. पण जीव सगळा खोलीत अडकला होता. खिडकी उघडते का? बाल्कनी असते का? तिथं बसलं की समोर काय दिसतं? काहीच नाही, नुसतं पाणी, असं खुशबू म्हणाली. सूरजबाई त्या चित्राकडे बघत राहिल्या. पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही, पण डिंभ्याच्या धरणाला पलीकडे डोंगर आहे आणि चौपाटीला पाठीमागे गाड्यांचा गोंगाट. चारी अंगांनी पाणी आणि मधे आपण, हे कसं वाटत असेल? भाजी निवडतानासुद्धा हल्ली त्यांच्या मनात तेच असायचं.

"हीच घे," शेवटी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. "बाल्कनीची."

जिनेशने लगेच सगळ्यांची आधार कार्डं मागितली. सूरजबाईंनी आतून कार्डांचं पाकीट आणून टीपॉयवर रिकामं केलं. कन्हैयालालांचं होतं, जिनेशचं होतं, खुशबूचं होतं. जिनेशने पाकीट झटकून पाहिलं.

"तुझं कुठंय?"

"कपाटात आहे. राहू दे तिथंच. मला जहाजाचा नियम आहे."

गोष्ट अशी होती की त्या नव्या नवरी म्हणून मंचरला आल्या, त्या चातुर्मासात जैन स्थानकात मुक्कामाला असलेल्या साध्वी महासतीजींनी सांगितलं होतं, प्रत्येकाने एक तरी गोष्ट जन्मभरासाठी सोडायचा नियम घ्यावा. मंडळी व्यापारी. सोडायचं तरी बेताबेताने सोडणार. कुणी फणस सोडला, जो त्याला मुळात आवडतच नव्हता. कन्हैयालालांनी हत्तीवर बसणं सोडलं. त्यांच्या दारात आजवर कुणी हत्ती आणून उभा केलेला नाही. सूरजबाईंनी हात जोडून समुद्रातला प्रवास सोडला. मंचरच्या कापडवाल्याच्या सुनेला जहाजात कोण बसवतंय? इतक्या स्वस्तात पुण्य पदरात पडलं म्हणून घरी येताना दोघं नवराबायको खूप हसले होते.

कन्हैयालाल हे साफ विसरले होते. आता आठवलं तसे ते खुर्चीत मागे टेकले.

जिनेशचं म्हणणं, त्यात काय एवढं, महासतीजींना विचारू, प्रायश्चित्त घेऊ, हवं तर आपण सगळेच उपवास करू. खुशबूला वेगळंच कोडं पडलं होतं. मग मम्मी इतके दिवस रोज जहाजं कशाला बघत होत्या?

"बघायचं कुठं सोडलं व्हतं?" सूरजबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "आणि प्रायश्चित्त चुकल्यावर असतं रे. तिकीट काढून कोण चुकतं?"

त्यांना जायचं होतं. इतकं जायचं होतं की सकाळी सामायिकाला, घटकाभराच्या ध्यानाला, बसल्यावर मधेच ती बाल्कनी डोळ्यांसमोर यायची आणि नवकार मंत्र पहिल्यापासून म्हणावा लागायचा. नियम मोडला असता तर जगात कुणी विचारणारं नव्हतं. पण हसत हसत दिला म्हणून तो शब्द नव्हताच, असं त्यांना स्वतःशी म्हणता येईना. त्यांनी पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं.

"मग राहू दे सगळं," कन्हैयालाल म्हणाले. "मी एकटा तिथं काय करू?"

"तुमी जायचं. त्या बाल्कनीत बसायचं आणि बघायचं. आल्यावर मला सांगायचं."

"मला नाय सांगता यायचं."

ते खरं होतं. कापडाचा पोत सोडला तर कन्हैयालालांना कशाचंच वर्णन येत नसे. सूरजबाई उठून टीव्हीपाशी गेल्या. बंदरापर्यंत आपणही येणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. धक्का म्हणजे जमीनच की, आणि जमिनीवर उभं राहायला नियमाची आडकाठी नाही. मग पडद्यावरच्या जहाजाच्या एका बाल्कनीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "खुशबू, जहाज सुटलं की इथलं माणूस धक्क्यावरून किती वेळ दिसतं गं?"

खुशबू मोबाइलवर शोधत राहिली. तेवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कन्हैयालालांनी टीपॉयवरचं आपलं कार्ड उचललं आणि जिनेशच्या हातात दिलं.

"समुद्राच्या बाजूची नको," ते म्हणाले. "धक्क्याच्या बाजूची खोली घे."