द्रौपदीचा शालू

सिरसाळ्यात नव्या एसटीडी बूथशेजारी बायकांचं द्रौपदीचं नाटक रंगलं होतं. खर्च कापडवाल्या शिवशरणचा, शालू त्याच्या बायकोच्या, शांतादेवीच्या लग्नातला, पेटीतून परस्पर काढून दिलेला. तो नेसून द्रौपदी झाली तिचीच धाकटी जाऊ, कावेरी. घरात मान वर न करणारी ही बया भरसभेत पाच नवऱ्यांना जाब विचारून टाळ्या घेत होती. शांतादेवीच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी कावेरी बायकांमध्ये उतरली. नाटकाची रीतच होती: जी पदर धरेल, तिने सभेला सवाल विचारायचा. शांतादेवीने पदर हिसकायलाच धरला. “सोड माझा शालू!” ओठांवर आलं, तोच तिचा सवाल ऐकायला मंडप चिडीचूप झाला. तिने पुढे बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “अवो, माझा शालू देताना मला इचारलं का?” शिवशरणने भीष्मासारखी मान खाली घातली. शांतादेवीला कावेरीपेक्षा चार टाळ्या जास्तच पडल्या.